सहा दिवस सुई बंद

रविवार, ९ फेब्रुवारी १९७५

सकाळी शीलाला सुई दिली आणि पाच मिनिटांत तिच्या अंगावर गांधी उठल्या. आधी दंडावर, मग मानेवर, मग पोटावर. ओठ सुजले. पंधरा दिवसांपासून सुईच्या जागी गाठ यायची, खाज सुटायची. सुई म्हटली की एवढं चालायचंच, असं मीच तिला दरडावत होतो. आज मात्र दरडावलं नाही. पार्सल ऑफिसात निरोप टाकला आणि मिळेल त्या गाडीने तिला परभणीला आणलं.

ही डायरी रेल्वेकडून दर वर्षी मिळते आणि दर वर्षी कोरी राहते. यंदा लिहावं म्हणतो. दसऱ्याला पोरीची, आमच्या पंचशीलाची, बिमारी कळली, साखरेची. अठरा वर्षांची पोर, मॅट्रिक पास झालेली, डी.एड.ला जायचं म्हणून हरखलेली, आणि दोन महिन्यांत वाळून काटकी झाली. तेव्हापासून रोज सकाळी इन्शुलिन. ते मी देतो. धुरपता, माझी बायको, सुईकडे बघतसुद्धा नाही. मी पूर्णा स्टेशनात पार्सल क्लार्क आहे, डॉक्टर नाही. पण सिरिंज उकळण्यापासून युनिट मोजण्यापर्यंत सगळं माझ्याइतकं काटेकोर पुऱ्या जिल्ह्यात कोणी करत नसेल. हे फुशारकीने लिहीत नाही. थोडं फुशारकीनेच लिहितोय.

डॉक्टर व्यंकटरावांनी दुसरी एक सुई देऊन गांधी बसवल्या. मला बाहेर नेऊन म्हणाले, "सूर्यभानराव, हिच्या अंगाला इन्शुलिन सोसत नाही. आणि इन्शुलिनवाचून ही जगायची नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

मग करायचं काय, असं विचारलं तर म्हणाले, उद्या सकाळी थेंबाथेंबाने सुरू करू.

मंगळवार, ११ फेब्रुवारी, परभणी

काल सकाळी आठला सुरुवात केली. एका युनिटाचा हजारावा भाग इन्शुलिन, पाण्यात मिसळून, कातडीत. अर्धा तास थांबायचं. काही झालं नाही की दुप्पट. पुन्हा अर्धा तास. डॉक्टर खाटेजवळ खुर्ची टाकून बसले, हाताशी दुसरी सिरिंज भरून ठेवलेली, पोरीचा श्वास अडकला तर द्यायला. जेवायलाही उठले नाहीत. मी प्रत्येक सुईची वेळ लिहीत होतो. अकराव्या सुईला गांध उठली तेव्हा त्यांनी दोन पायऱ्या मागे घेतलं. आज दुपारी पूर्ण डोस गेला आणि शीलाने कपाळावर आठीसुद्धा आणली नाही.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हे औषध जनावराच्या पोटातल्या स्वादुपिंडातून काढतात, बहुतेक बैलाच्या. अंग त्याला परकं समजून भांडतं. म्हणून थेंबाथेंबाने ओळख करून द्यायची. "पण आता एक दिवससुद्धा चुकवायचा नाही. खंड पडला की अंग पुन्हा भांडायला उठतं, आणि ते भांडण पहिल्यापेक्षा वाईट असतं."

बैलाचं धुरपताला सांगायचं नाही असं मी ठरवलं. छप्पन्न साली माझ्या बापाने मेलेली जनावरं ओढायचं सोडलं आणि त्यापायी गावाचा मार खाल्ला. तेच जनावर आता सुईतून घरात आलं, हे तिला कोण समजावणार.

आणखी एक. डॉक्टर म्हणाले, दंडात जागा उरली नाही, मांडीत देत जा.  वयात आलेल्या लेकीच्या मांडीत बापाने सुई द्यायची? शीलाच म्हणाली, "डॉक्टर, मी माझी घेऊ का?" ते म्हणाले, "घे की. उलट बरं." मी म्हटलं, "हिचा हात कापतो."  तिचा हात कापतो की नाही, मी कधी बघितलेलं नाही.

रविवार, २ मार्च

वीस दिवस झाले, एकही सुई चुकली नाही. बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत ठेवतो. सकाळी परीक्षानळीत निळं औषध घालायचं, त्यात लघवीचे आठ थेंब, आणि दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर उत्तम, हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सांभाळा, विटकरी म्हणजे साखर फार. आज हिरवं. शेजारचे फिटरसाहेब खिडकीतून विचारतात, काय शिजवायलात. मी सांगतो, चहा.

दंडावर बारक्या गाठी मात्र येतातच. दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत. लाल, मग काळपट.

धुरपता म्हणते, "अवो, पोरीच्या दंडाची चाळणी केली तुमी." तिचा मावसभाऊ आश्रुबा कसला तरी पाला घेऊन आला होता. सकाळी अनशापोटी रस घ्या, साखर पळते म्हणाला. मी त्याला विचारलं, कुठल्या गाडीने पळते? तो हसला, मी हसलो नाही. धर्मांतराला एकोणीस वर्षं झाली तरी आमच्या लोकांना पाला, अंगारा आणि ऐकीव गोष्टी सुटत नाहीत. घरात हे चालणार नाही म्हणून मी स्पष्ट सांगितलं.

रविवार, १६ मार्च

आश्रुबा आज पाल्याऐवजी स्थळ घेऊन आला. पाथरीचे भगवानराव, आपल्यातलेच, पोरगा तहसीलमध्ये कारकून. सरकारी नोकरी, बसस्टँडजवळ दोन खोल्या, कसलं व्यसन नाही. हुंडा नको म्हणतात, शिकलेली मुलगी पाहिजे. असं स्थळ आमच्या दारात चालत येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

शीला मोरीत भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. लाजली असेल. नंतर चहा देताना विचारते, "बाबा, डी.एड.चे फॉर्म जूनमध्येच निघतात ना?" मी म्हटलं, आता तो विषय कशाला.

धुरपता म्हणाली, "बिमारीचं सांगून टाका त्येंना. लपवून लगीन नगं." मी म्हटलं, पसंती होऊ दे, मग मी स्वतः पाथरीला जाऊन भगवानरावांच्या कानावर घालतो. आधीच बिमारीचं नाव काढलं तर दारातूनच परत जातील. पोरीला एकदा बघितलं, तिचं बोलणं ऐकलं, की नाही म्हणणं अवघड जाईल. यात खोटं काय आहे? नुसतं मागेपुढे आहे.

रविवार, ६ एप्रिल

कार्ड आलं. जयंती झाली की गुरुवारी, १७ तारखेला, भगवानराव आणि त्यांच्या मंडळी मालनबाई मुलगी बघायला येतायत. बायका कशा बघतात ते मला माहीत आहे. चालायला लावतात, केस सोडायला लावतात, बांगड्यांचं निमित्त करून दंड चाचपतात.

आज शीलाला उजेडात बसवून दोन्ही दंड नीट बघितले. रोगट दिसतात. खोटं कशाला लिहू, मी पाथरीचा असतो तर मीही विचारलं असतं, हे काय आहे म्हणून.

शुक्रवार, ११ एप्रिल

चार दिवस डोकं पिकलं आहे. लांब बाह्यांचं पोलकं शिवू म्हणालो तर धुरपता म्हणते, या उन्हात लांब बाह्या घातल्या की आधी बाह्याच वर करून बघतील. ते खरं आहे.

शीला म्हणाली, "आठ दिवस मी मांडीत घेते बाबा. दंड आपोआप साफ होतील." मी म्हटलं, नको. कशाला नको, हे तिने विचारलं नाही. बरं झालं. मला सांगता आलं नसतं. सुई पोरीच्या हातात गेली की मग मी कशाला आहे, असं काहीतरी मनात आलं होतं. आणि सुई मोडली, चुकीच्या जागी गेली तर?

माझा हिशोब असा आहे. भाकरी, भात, गूळ, सगळं बंद ठेवलं तर अंगात साखर येणार कुठून? ताक आणि पालेभाजी. सहा दिवसांत गाठी बसतात, हे मी डाव्या दंडावर बघितलं आहे. उद्यापासून गुरुवारपर्यंत सुई बंद, शुक्रवारी सकाळी पुन्हा चालू. डॉक्टर एक दिवसही नको म्हणाले होते. पण डॉक्टर लोक दहा सांगतात तेव्हा माणूस पाच पाळतो, म्हणून ते दहा सांगतात.

शीलाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "डॉक्टरांना विचारायचं का?" मी म्हटलं, तुझ्या बापाला काही कळत नाही का? ती उठून भांडी घासायला गेली. पोर ऐकण्यातली आहे.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. सकाळी वंदना, संध्याकाळी मिरवणूक. दर वर्षी बायकांच्या ओळीत शीला पुढे असते. यंदा दारातूनच बघितलं, पाय दुखायलेत म्हणाली. पाणी फार पिते. ऊन कडक आहे.

शनिवारी निळं औषध उकळलं ते विटकरी आलं. काल त्याहून गडद. आज परीक्षानळी धुऊन, पुसून वर ठेवून दिली. बघितलं तरी सुई द्यायची नाहीच, मग उगाच जिवाला घोर कशाला.

दंड मात्र सुंदर साफ व्हायलेत.

गुरुवार, १७ एप्रिल

आले, बघितलं, गेले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

शीला इतकी देखणी कधी दिसली नव्हती. बारीक झालीय, पण डोळे मोठे दिसतात आणि गालांवर लाली. मालनबाईंनी दंडावर हात फिरवला, बांगड्या मागेपुढे केल्या, हसल्या. भगवानरावांनी विचारलं, पुढे शिकायची इच्छा आहे का? तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "तिची काही जिद्द नाही, तुम्ही म्हणाल तसं." पोहे देताना तिचा हात थरथरला तेव्हा मालनबाई म्हणाल्या, "लाजायलीय."

ते गेल्यावर धुरपता म्हणाली, "पोरीच्या तोंडाला पिकल्या पेरूचा वास यायलाय. पेरू तर घरात न्हाई." मी म्हटलं, उपाशी पोटी येतो तोंडाला वास. दुपारपासून झोपली आहे. झोपू दे, दगदग झाली.

उद्या सकाळी सुई.

शुक्रवार, १८ एप्रिल, परभणी

सहा वाजता सुई दिली. नेहमीचा डोस. सिरिंज खाली ठेवेपर्यंत गांधी उठल्या. घशाला हात लावून ती काहीतरी बोलत होती, आवाज फुटेना. मग उलट्या. मालगाडी सुटत होती, तिच्या गार्डच्या डब्यात घालून आणली. धुरपता वाटभर एकच वाक्य म्हणत होती, "सहा दिवस कसं बरं चाललं होतं." म्हणजे सगळं त्या सुईनेच केलं, असं तिला वाटतं.

डॉक्टर व्यंकटरावांनी गांधी बसवल्या. पोरीचा श्वास जोरजोरात चालू होता. त्यांनी परीक्षानळी उकळली. विटकरी नव्हे, जवळजवळ तांबडी. ते चक्रावले. "रोज डोस जात असताना एवढी साखर? सूर्यभानराव, खंड तर पडला नाही ना?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? धुरपता बाहेर होती. शीलाचे डोळे मिटलेले होते. दवाखान्यात चार माणसं होती आणि डॉक्टरांनी त्यांच्यासमोर मला दोनदा शाबासकी दिली होती, पेशंटचा बाप असावा तर असा म्हणून. तोंडातून निघून गेलं. निघाल्यावर परत कसं घ्यायचं?

ते म्हणाले, "मग बाटलीच खराब झाली असणार. उन्हाने औषध मरतं. ताकद गेली म्हणून साखर चढली, आणि खराब औषधाच्या गांधी आल्या." ओल्या वाळूत मी जिवापलीकडे जपलेली बाटली. मी मान डोलावली. त्यांनी नवी बाटली फोडली आणि पूर्ण डोस भरला. "रक्त आंबलंय, हा तोंडाचा वास त्याचाच. थांबायला वेळ नाही."

शनिवार, १९ एप्रिल

कालच्या त्या सुईनंतर पोरीची नाडी हाताला लागेना. डॉक्टरांनी छातीशी दोन सुया मारल्या, पाय उंच केले, तोंडाने श्वास दिला. तासाभराने नाडी आली. त्यानंतर आठ तास इन्शुलिनचा थेंब द्यायची त्यांची छाती झाली नाही, आणि त्या आठ तासांत साखर चढत राहिली.

काल संध्याकाळपासून पुन्हा हजारावा भाग, अर्धा तास, दुप्पट. फेब्रुवारीसारखंच, फक्त गांधी वारंवार उठतात आणि दर वेळी मागे यावं लागतं. पण तेव्हा वेळ होता. आता डॉक्टर घड्याळाकडे बघतात आणि मग तिच्या छातीकडे बघतात. खंड पडला हे पहिल्याच वेळी कळलं असतं, तर काल सकाळी त्यांनी इथूनच सुरुवात केली असती. एवढं मला कळतं. पार्सल क्लार्कला कळण्यासारखंच आहे.

दुपारी ती शुद्धीवर आली. डॉक्टर हात धुवायला गेले होते. मला म्हणाली, "बाबा, त्यांना सांगा की." मी म्हटलं, "बोलू नको, दम लागतो तुला." ती म्हणाली, "मी नाही सांगणार. तुमीच सांगा." मी तिच्या ओठांना ओला बोळा लावला. डॉक्टर आत आले. तिने माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले.

आता सांगून काय होणार, जे करायचं ते तर ते करतायतच, असं मी स्वतःला सांगितलं.

रविवार, २० एप्रिल

सकाळी साडेसातला पंचशीला गेली. डोस दोन युनिटांपर्यंत आला होता.

रविवार, २७ एप्रिल

आज शीलाचं पुण्यानुमोदन. नांदेडहून भंतेजी आले. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणत होतो. चौथं शील आलं, खोटं बोलण्यापासून अलिप्त राहीन, तिथे माझा आवाज निघाला नाही. लोकांना वाटलं, लेकीचं नाव त्यातच आहे म्हणून गळा दाटला. आश्रुबाने पाठीवर हात ठेवला.

धुरपता कोणाशी बोलत नाही. आल्यागेल्याला एवढंच सांगते, सुईनं नेलं माझ्या लेकीला. मी ते खोडून काढत नाही.

पाथरीचं कार्ड परवा आलं होतं, १९ तारखेला टाकलेलं. मुलगी पसंत आहे. भगवानरावांनी खाली लिहिलंय, लग्नानंतर तिची शिकायची इच्छा असल्यास आमची ना नाही.

रविवार, ११ मे

डॉक्टर व्यंकटराव घरी आले होते. पॅसेंजरने, एकटे. मला वाटलं, त्यांना कळलं. मी उभाच राहिलो.

ते खाली सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "सूर्यभानराव, मी तुमचा गुन्हेगार आहे. नवी बाटली फोडली तेव्हा आधी थेंबाने बघायला पाहिजे होतं. घाई केली. पोर माझ्या हातून गेली." तीस वर्षं डॉक्टरकी केलेला माणूस माझ्यासमोर रडला. म्हणाले, सिरिंज हातात घेतली की शीला दिसते. ज्याला गांधी येतात अशा कोणाला आता मी इन्शुलिन देत नाही, औरंगाबादला जा म्हणून सांगतो.

धुरपता आतून आली आणि त्यांच्या पाया पडली. म्हणाली, "तुमी लय केलं डॉक्टरसाहेब. तिचं तेवढंच व्हतं."

 स्टेशनापर्यंत पोचवायला गेलो. त्यांचं तिकीट काढू लागलो तर काढू दिलं नाही.

सोमवार, १२ मे

उद्या परभणीला जाऊन सगळं सांगणार. रजेचा अर्ज लिहून ठेवला.

मंगळवार, १३ मे

गेलो नाही. गाडीला उशीर होता.

गुरुवार, १५ मे

गेलो नाही.

शनिवार, १७ मे

पत्र लिहिलं. चार ओळी. खंड पडला होता, सहा दिवस, मी पाडला, तुमची चूक नाही. पाकिटात घातलं. मग वाटलं, पत्रात लिहिणं भ्याडपणाचं, तोंडावर सांगायला पाहिजे. फाडलं.

सोमवार, १९ मे

आज गेलो. पहिल्या गाडीने.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. शेजारी एक पन्नाशीची बाई होती, सरजाबाई, वालूरची. हातात कापडी पिशवी. तिने आपणहून चोळीची बाही सरकवून दंड दाखवला. त्या गाठी मी कुठेही ओळखल्या असत्या. "लय खाजतंय बघा दादा. पर सुई न्हाई घेतली की जीव घाबरा व्हायलाय. डागदर म्हनले व्हते दुसरीकडं जा. कुटं जाऊ? औरंगाबादला कोन नेनार मला? आज पाया पडते त्येंच्या."

मी तिला विचारलं, सुई चालू आहे का बंद? "चार दिस झाले, बंद हाय. भ्या वाटतंय."

डॉक्टरांनी मला बघितलं आणि लगबगीने उठून आले. लोकांना बाजूला सारून मला आत नेलं, आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. त्यांची दाढी वाढलेली होती. माझ्या मागोमाग सरजाबाई आत आली आणि खाली बसून त्यांचे पाय धरायला लागली. ते मागे सरकले. म्हणाले, "बाई, मी सांगितलं ना. तुझ्या अंगाला सोसत नाही, मी देणार नाही."

ती म्हणाली, "थोडं थोडं देऊन बगा की. लोक म्हनत्यात तुमाला येतंय ते."

आता सांगायचं, असं मी ठरवलं. घसा खाकरला. तेवढ्यात डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "या साहेबांना विचार. यांची मुलगी, तुझ्यासारखंच. थोडं थोडं देऊन बसवलं होतं मी. एक दिवस न चुकता सुई घेत होती. तरी गेली, माझ्या हातून. मग तुला कशाच्या भरवशावर देऊ?"

सरजाबाई माझ्याकडे वळली. "खरं हाय का दादा?"

डॉक्टर माझ्याकडे बघत होते. दारात चार पेशंट उभे होते.

मी म्हणालो, "हो."

 ती गुडघ्यावर हात टेकून उठली, पिशवी घेतली, वालूरची एसटी किती वाजता आहे ते कंपाउंडरला विचारलं आणि गेली. डॉक्टरांनी माझ्यासाठी चहा सांगितला.